खात्रीबाईची बॅटरी

गडहिंग्लजला परत आल्यापासून जो तो एकच विचारतो, "नंदुरबारला बघण्यासारखं काय आहे गं?" लोकांना तोरणमाळचं तळं आणि तिथल्या दऱ्यांविषयी ऐकायचं असतं. माझं तोरणमाळ राहूनच गेलं. मी सांगते, "एक मोहाची भट्टी, एक थर्माकोलची पेटी आणि बॅटरीत घालायचं पाणी." मग लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून हे सगळं एकदाचं नीट लिहून काढते.

माझे वडील छापखाना चालवत. लग्नपत्रिकांवर पोट चालायचं आणि जीव पत्रकांत असायचा. दारूबंदी, हुंडा, भोंदूबाबा, नदीतलं मळीचं पाणी, कशावर म्हणून पत्रक निघालं नाही असं नाही. मी अक्षरं त्या पत्रकांवरच शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा मी वाचलेला पहिला शब्द. त्यामुळे माझ्या डोक्यात अजूनही प्रत्येक वाक्याला शेवटी उद्गारचिन्ह असतं.

या हिवाळ्यात आमच्या वाचक मंडळाने ठरवलं की घरच्या सौरविजेवर पत्रक काढायचं. छपरावर सौरविजेचे पत्रे बसवले की दिवसा वीज मिळते, हे आता सगळ्यांना कळलंय. पण सूर्य मावळल्यावर काय? ती वीज साठवायची कशात? शिशाच्या बॅटरीत, लिथियमच्या, की आणखी कशात? पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगायचं तर निष्कर्ष मी आधीच लिहून टाकला होता: शिसं जुनं, जड आणि विषारी, लिथियम झिंदाबाद! फक्त मधला मजकूर तेवढा राहिला होता.

मंडळाने वर्गणी काढून एक लिथियम बॅटरी घेतली. ती कुठल्या तरी दूरच्या घरात बसवायची आणि अनुभव छापायचा. घर सुचवलं भटूआप्पांनी. भटूआप्पांचं नंदुरबार जिल्ह्यात विसरवाडीला बॅटरीचं दुकान आहे आणि वडिलांनी कधीकाळी त्यांच्या दुकानाची बिलबुकं छापली होती. मोलगीच्या पलीकडे डोंगरात खात्रीबाई नावाच्या एक बाई आहेत, त्या सौरविजेवर अंडी उबवतात आणि त्यांच्या शिशाच्या बॅटऱ्या आता म्हाताऱ्या झाल्यात, असं आप्पा फोनवर म्हणाले. मी उत्साहाने ओरडले, "आप्पा, बाईंना निरोप द्या! लिथियमला पाणी घालावं लागत नाही. आता पाण्याची कटकट संपली!"

आप्पांनी निरोप पोचवला, शब्दाला शब्द. हे लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावरच अडलं.

विसरवाडी

विसरवाडी म्हणजे रस्त्यावर वसलेलं गाव. सुरतेकडे जाणारे आणि सुरतेकडून येणारे ट्रक इथे दम खातात. टायरवाले, चहावाले, केळीवाले, आणि त्यांच्या मधोमध आप्पांचं दुकान. आप्पा पन्नाशीचे. आयुष्यभर बॅटरीतल्या आम्लाचे शिंतोडे उडून त्यांच्या शर्टाला इतकी बारीक भोकं पडलीयेत की ऊन पाठीमागून आलं की आप्पा चक्क चमचमतात.

मी पोचले, बॅटरी काउंटरवर ठेवली आणि सुरूच झाले. "आप्पा, शिसं म्हणजे विष! आपण पुढच्या पिढीला काय देणार?"

"ताई, आठे बठ," आप्पा म्हणाले. "पहिले च्या पी. मंग भाषण दे."

इथे गावात बोलतात ती अहिराणी. 'इथे' म्हणजे 'आठे', 'आहे' म्हणजे 'शे'. पहिला तासभर मी नुसतीच मान डोलवत होते. मग कान जुळले आणि असं काही गोड वाटायला लागलं की मीच 'शे शे' करत फिरू लागले.

चहा झाल्यावर आप्पांनी मला बॅटऱ्या समजावल्या. मी वही काढली होती, तक्ता आखला होता, रकाने पाडले होते. आप्पांनी तक्त्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हाई शिसानी," त्यांनी एका काळ्या, गुडघ्याएवढ्या उंच बॅटरीवर थाप मारली, "हाई सासू शे. जड शे, कुरकुर करस, घडीघडी पानी मांगस. पन मरस ते सांगीसन मरस. आनि हाई तुन्ही लिथियम, हाऊ जवाई. हलका, गोरा, काम बी चांगलं करस. पन रुसना का मंग कोन्हंच ऐकत नही."

"आणि ही?" मी कोपऱ्यातल्या, ई-रिक्षातून काढलेल्या जुन्या लिथियमकडे बोट दाखवलं.

"तो बिजवर. चालस, पन पहिला संसारमा काय व्हयनं ते इचारी लेवानं."

"आणि ती सोडियमची? मिठापासून करतात ती?"

आप्पांनी मोबाइलवर एक चित्र दाखवलं. "तिन्ही आते सोयरीक चालू शे. फोटो दखेल शे, नवरी दखेल नही."

मी हसून हसून चहा सांडला. पण वहीत सगळं उतरवलं, माझ्या भाषेत. शिशाची बॅटरी स्वस्त, कुठल्याही ट्रकच्या मिस्त्रीला कळणारी. मोडीतही तिला भाव, पण ती उघड्यावर फोडली तर खरंच विष. लिथियम महाग, पण हलकी, जास्त वर्षं चालणारी आणि जवळजवळ तळापर्यंत वापरता येणारी. तिच्या आत एक इलेक्ट्रॉनिक पहारेकरी असतो. बॅटरी फार रिकामी झाली किंवा फार थंड पडली की तो दार लावून घेतो. तोरणमाळच्या एका गिऱ्हाइकाकडे कडाक्याच्या थंडीत सकाळी त्याने असंच दार लावलं होतं म्हणे, ऊन चढल्यावर उघडलं. सोडियम थंडीला कमी भिते, तिचा कच्चा माल म्हणजे मीठ जगात कुठेही मिळतं, पण विसरवाडीच्या बाजारात ती अजून आलेली नाही.

संध्याकाळी आप्पांनी ढाब्यावर शेवभाजी खायला घातली. मी कोल्हापूरकडची, तिखटाचा मला गर्व. "आमच्याकडे तर तांबडा रस्सा वाटीने पितात," असं म्हणत मी पहिला घास घेतला आणि पुढची दहा मिनिटं नुसती टेबल धरून बसले. नंदुरबारची मिरची जिभेवर थांबतच नाही, सरळ कानात जाते. ढाब्यावरचे ट्रकवाले खूश झाले. त्यांची एवढी मेहेरनजर झालेली बघून मी नाक पुसत पुसत लिथियम बॅटरी टेबलावर ठेवली, तिला पंखा जोडला, वर बल्ब लावला आणि माझं पहिलं जाहीर व्याख्यान दिलं. टाळ्या पडल्या! एकाने मोबाइल चार्जिंगला लावला, मग दुसऱ्याने, मग सात जणांनी.

"ताई," आप्पा हळूच म्हणाले, "तू तिन्हं पोट खाली करी ऱ्हायनी."

"आप्पा, ही लिथियम आहे!" मी म्हणाले.

मोलगी

दुसऱ्या दिवशी आप्पांच्या जीपने निघालो. बॅटरीच्या दुकानदाराची जीप धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारी पसरल्या होत्या. एकरच्या एकर लाल. जणू कुणी जमिनीवर सांडलेलं ऊन वाळत घातलंय. जीपमध्ये आम्ही दोघं शिंकत होतो आणि हसत होतो.

मोलगीला बाजाराचा दिवस होता. डोंगर उतरून माणसं येत होती, काखेत कोंबडा, डोक्यावर आमचुराचं गाठोडं. खडे मीठ, सुकी मासळी, चांदीचे जाड वाळे, प्लॅस्टिकच्या बादल्या, सगळं एकाच रांगेत. आमच्याकडच्या बाजारात माणसं भावासाठी भांडतात. इथे ती आधी भेटतात, खूप वेळ हात हातात ठेवतात, मग आठवलं तर भाव विचारतात.

एवढी माणसं एका जागी बघून माझं रक्त उसळलं. मी जीपच्या बोनेटवर चढले. बल्ब! पंखा! बाजारातल्या एका न्हाव्याने त्याचं केस कापायचं मशीन बॅटरीला जोडून बघितलं आणि माझ्या भाषणाच्या तालावर चार जणांच्या दाढ्या उरकल्या. बांगड्यावाल्याने आपला भोंगा लावला. माझ्या मराठीतलं किती लोकांना कळत होतं कुणास ठाऊक, पण प्रत्येक वाक्याला ते इतके मनापासून हसत होते की मी बोलतच राहिले. 'बंधू-भगिनींनो, शिशाला निरोप द्या!' असं ओरडले तेव्हा न्हाव्याने वस्तरा उंचावला.

उतरले तेव्हा घसा बसला होता. आप्पांनी मला पाण्याची बाटली दिली आणि बॅटरी गोणपाटात गुंडाळली.

खात्रीबाईंचा पाडा

रस्ता संपतो तिथे जीप ठेवली आणि बॅटरी काठीला लटकवून आम्ही चढायला लागलो. तासाभराची चढण. बारा-तेरा किलोचीच बॅटरी, तरी माझा खांदा बोलायला लागला. खात्रीबाईंच्या शिशाच्या दोन बॅटऱ्या याच वाटेने वर कशा गेल्या होत्या, ते आप्पांनी सांगितलं. आजारी माणसाला नेतात त्या बांबूच्या झोळीत घालून, एकेकीला चार गडी. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्याने झोळीत कोण आहे विचारलं, तर गडी म्हणाले, "पाहुणी आहे, चालता येत नाही."

इथला पाडा म्हणजे एका जागी गोळा झालेली घरं नव्हेत. प्रत्येक टेकाडावर एकेक घर, हाक मारली तर ऐकू जावं इतकं लांब. खात्रीबाईंचं घर कुडाचं, कौलारू, दारात उडदाचं खळं. बाई साठीच्या आसपास, काटक, हसल्या की डोळे मिटायचे. घरात त्या भिली बोलतात, माझ्याशी बाजारात शिकलेल्या मराठीत बोलल्या.

"तू फोनवाली?"

"हो, मीच!"

"लहान आहे तू. निरोप मोठा होता."

मग त्यांनी मला अंडी दाखवली. थर्माकोलची मोठी पेटी, आत दोन बल्ब, एक तापमानाचा काटा आणि रांगेने अंडी, दीडशेच्या वर. प्रत्येक अंड्यावर कोळशाने खूण: कुठे फुली, कुठे सूर्य, कुठे फणी, कुठे तीन रेघा. मला आधी ती नक्षी वाटली.

"ही फुली डोंगरावरच्या घराची. हा सूर्य माझ्या नणंदेचा. फणी तिकडे, ओढ्यापलीकडे," त्या सांगत गेल्या. पाड्यातल्या अठरा घरांनी आपापली अंडी त्यांच्याकडे आणून ठेवली होती. पिल्लू बाहेर आलं की त्या खुणेच्या घरी जाणार. पेटीशेजारी टोपलीत खडे होते, रोज एक टाकायचा. मी मोजले. अठरा. एकविसाव्या दिवशी पिल्लं. तोवर पेटी गार पडता कामा नये.

"गार झाली तर?"

खात्रीबाईंनी समोरच्या टेकाडांवरून बोट फिरवलं. "मग मी त्या घरी काय सांगू? त्या घरी काय सांगू? कोंबडीवर सगळे भरोसा ठेवत. आता माझ्यावर ठेवला."

हे सगळं मन लावून ऐकायचं सोडून मी दुसरंच बघत होते. घरामागे ओढ्याकाठी चूल, तिच्यावर मोठं मडकं, मडक्याला बांबूची नळी. आणि भिंतीशी ओळीने रिकाम्या बाटल्या. मोहाची भट्टी! माझ्या लहानपणाची सगळी दारूबंदीची पत्रकं एकदम फडफडली.

"बाई, हे काय? एकीकडे सौरऊर्जा आणि एकीकडे दारू? दारूने किती संसार..."

खात्रीबाई शांतपणे ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "ते बॅटरीचं आहे."

"बॅटरीचं? बाई, निदान थाप तरी बरी मारा!"

आप्पा खोकले. त्यांनी मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मी कामालाच लागले. भर दुपारची वेळ, ऊन टळटळीत. मी स्वतःच्या हातांनी शिशाच्या बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या, थोड्या नाट्यमयपणे म्हणा ना, आणि लिथियमला जोडल्या.

काही झालं नाही.

बल्ब लागले नाहीत. पत्र्यांकडून येणाऱ्या वायरीवरचा दिवा लागला नाही. आप्पांनी मीटर लावला, काटा शून्यावर. मी बॅटरीला थोपटलं, हलवलं, विनवलं.

"मेली?" मी आप्पांकडे वळले.

"मरनी नही ताई. जपी गयी."

आमच्याकडे जपणं म्हणजे सांभाळणं. अहिराणीत जपणं म्हणजे झोपणं. दोन दिवस मी जिला जपायला हवं होतं, ती माझ्या व्याख्यानांनी तळापर्यंत रिकामी होऊन जपी गेली होती. पंखा, मोबाइल, चार दाढ्या, बांगड्यावाल्याचा भोंगा. आतल्या पहारेकऱ्याने दार लावून घेतलं होतं. आप्पांनी समजावलं: ऊन कितीही असलं तरी मधलं यंत्र आधी बॅटरी जागी आहे का बघतं. नसेल तर पत्र्यांची वीज आत सोडतच नाही. तिला जागं करायला दुसऱ्या जाग्या बॅटरीचा धक्का लागतो.

"मग शिशाच्या आहेत की!" मी धावले.

आप्पांनी शिशाच्या बॅटऱ्यांची झाकणं उघडली. मीही डोकावले. आतल्या पट्ट्या उघड्या पडल्या होत्या, नदी आटल्यावर खडक दिसतात तशा.

"खात्रीबाई, पाणी कधीपासून घातलं नाही?" आप्पांनी मराठीत विचारलं.

त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हिने सांगितलं. आता पाण्याची कटकट संपली. मी पाणी बंद केला."

मला जमीन दुभंगून हवी होती. पत्रक लिहिणाऱ्या माणसाने शब्द जपून वापरावेत, हे वडील मला किती वेळा म्हणाले असतील! मी 'आता' म्हणाले आणि खात्रीबाईंनी तो शब्द खरा मानला. त्यांच्याकडे शब्द असाच मानतात.

"जीपची बॅटरी आणूया," मी म्हणाले.

"जाऊन येवाले दोन तास, त्यामा पेटी गार व्हई जाई. आनि मन्ही जीप तू दखेल शे."

पेटीतला काटा खाली सरकत होता. खात्रीबाईंनी तो बघितला, मला बघितलं, आणि त्या ओढ्याकडे चालू लागल्या. "चल. लाकूड धर."

आता ऐका. शिशाच्या बॅटरीत नळाचं किंवा ओढ्याचं पाणी चालत नाही, त्यातले क्षार पट्ट्या खातात. पाण्याची वाफ करून, ती गार करून पुन्हा पाणी केलेलं लागतं. काही वर्षांपूर्वी आप्पांनी खात्रीबाईंना हे समजावलं होतं. मोलगीहून कॅन वाहून आणावे लागतील, असंही सांगितलं होतं. त्या पोट धरून हसल्या होत्या. वाफ करून गार करायची? ते तर आमच्या आजीलाही येत होतं! फक्त त्यांनी एक नवं कोरं मडकं घेतलं, ज्याला मोहाचं फूल कधी शिवलं नाही, आणि नवी नळी. ते मडकं वेगळं, मोहाचं वेगळं. मी ज्याच्यापुढे भाषण ठोकलं होतं ते बॅटरीचं मडकं होतं.

"आणि मोहाचं मडकं कुठेय?" मी जाळ फुंकता फुंकता विचारलं.

"आहे ना. तू भाषण दिलं ते ऐकून आत लपलं."

आम्ही तिघंही इतके हसलो की धूर नाकात गेला. बांबूच्या नळीतून थेंब पडायला लागले तेव्हा तर मी उठून नाचलेच. थेंब, थेंब, मग बारीक धार. ओढ्याच्या गार पाण्यात बसवलेल्या स्टीलच्या हंड्यात जगातलं सगळ्यात नितळ पाणी साठत होतं. आप्पांनी मीटरच्या दोन सुया त्यात बुडवल्या. काटा हलला नाही, म्हणजे पाण्यात क्षार नाहीत. "सुरतना कॅनपेक्षा बेस," ते म्हणाले.

इकडे मडक्यात उरलेलं उकळतं पाणी खात्रीबाईंनी दोन तांब्यांत भरलं, गोधडीत गुंडाळलं आणि पेटीत अंड्यांच्या दोन बाजूंना ठेवलं. काटा खाली जायचा थांबला. मग सावकाश वर सरकायला लागला. मी वही काढून तक्त्यात एक नवी ओळ घातली: 'गरम पाण्याचा तांब्या. वीज साठवत नाही, ऊब साठवते. बिघडत नाही.'

पट्ट्या बुडेपर्यंत बॅटऱ्यांना पाणी घातलं. पत्र्यांच्या वायरी जोडल्या. दिवा लागला! म्हाताऱ्या सासवा बुडबुडे काढत वीज पिऊ लागल्या. दीड-दोन तास ऊन होतं, तेवढं सगळं त्यांना पाजलं. सूर्य टेकाडावर टेकला तेव्हा आप्पांनी त्यांच्यापासून दोन वायरी लिथियमकडे नेल्या. मध्ये पिशवीतला जीपचा एक जादा बल्ब जोडला, धक्का फार जोराचा बसू नये म्हणून. बल्ब भगभगला. बल्ब हळूहळू मंद झाला, आणि लिथियमवर इवलासा हिरवा दिवा उघडला.

"उठना जवाई," आप्पा म्हणाले. "सासूनी उठाडा."

मी आप्पांना मिठी मारली, खात्रीबाईंना मिठी मारली, बहुतेक बॅटरीलाही मारली असेल. शिशाला निरोप द्या असं ओरडणारी मी त्या काळ्या, जड, कुरकुऱ्या बॅटरीपुढे अक्षरशः हात जोडून उभी होते.

एकविसावा खडा

ती रात्र दोन्ही जातींच्या बॅटऱ्या आणि खात्रीबाईंचे तांबे यांनी मिळून काढली. पहाटे काटा जागेवर होता. पुढचे दोन दिवस उन्हाने सगळ्यांनाच भरपूर पाजलं आणि मी तिथेच राहिले. मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि वर चिमूटभर आमचूर. आमच्याकडे पाहुण्याला आग्रहाने वाढतात, नको नको म्हणायचं असतं. इथे मी रिवाजाप्रमाणे पहिल्यांदा नको म्हटलं तर खात्रीबाईंनी खरंच पातेलं उचलून नेलं. नंतर मी ताबडतोब हो म्हणायला शिकले.

त्यांनी मोहाचा विषयही काढला. देवाला, मयताला, सोयरिकीला मोहाचा थेंब लागतो, म्हणाल्या. "पिऊन पडणारा वेगळा. त्याच्यावर तू लिही. त्याला मी पण काठीने मारते." मी वहीत लिहून घेतलं. दारूवरचं माझं मत बदललेलं नाही. पण पुढच्या वेळी भाषणाआधी मडकं कुठलं ते विचारीन.

एकविसाव्या खड्याच्या सकाळी पेटीतून टकटक ऐकू आली. आधी एका सूर्याला तडा गेला. मग एका फणीला. मी उकिडवी बसून बघत होते आणि खात्रीबाई टेकाडाटेकाडांकडे तोंड करून हाका मारत होत्या. भिलीतलं मला काही कळलं नाही, पण हाक पोचली की समोरच्या टेकाडावरून उलट हाक यायची आणि तीही हसरी असायची. बायका टोपल्या घेऊन उतरल्या. ओली, लटपटणारी पिल्लं, कोळशाच्या खुणेची कवचं डोक्याला चिकटलेली. काही अंडी उघडली नाहीत. ती त्यांनी त्या त्या घरी तशीच दिली आणि कुणीही तोंड वाकडं केलं नाही. दर वेळी काही उघडत नाहीतच. पण पेटी गार पडली म्हणून एकही गेलं नव्हतं, हे खात्रीबाईंनी प्रत्येकीला काटा दाखवून सांगितलं.

शेवटी त्यांनी एक ताजं अंडं उचललं, कोळसा घेतला आणि त्यावर एक उघडं तोंड काढलं.

"ही तुझी खूण," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी ठेवते."

पुन्हा विसरवाडी

परतताना घाटात आप्पांनी जीप थांबवली, इकडेतिकडे बघितलं आणि सीटखालून एक बाटली काढली. खात्रीबाईंच्या भिंतीशी ओळीने होत्या त्यांतली, गळ्याला लाल दोरा बांधलेली. "लाल दोरावाली कडक ऱ्हास," ते डोळा मारून म्हणाले. मी भाषणासाठी श्वास घेतला. आप्पांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचं तोंड असं झालं की माझा घेतलेला श्वास हसण्यातच गेला.

"पानी शे!"

बॅटरीच्या जोडणीत लाल म्हणजे धन टोक, हे आप्पांनीच त्यांना शिकवलं होतं. खात्रीबाईंनी त्या दोन दिवसांत रिकाम्या बाटल्या बॅटरीच्या पाण्याने भरून त्यांना लाल दोरा बांधला होता. विसरवाडीपर्यंत आम्ही आळीपाळीने हसत होतो, आणि मध्ये दोनदा जीपला धक्का मारला.

दुकानात बसून मी पत्रकाचा तक्ता पुरा केला. निष्कर्ष खोडला. शिसं: जड, पाणी मागते, पण दुरुस्त होते आणि उपाशी राहूनही दुसरीला उठवते. मोडीत नीट द्या, उघड्यावर फोडू नका. लिथियम: हलकी, टिकाऊ, पाणी नको, पण तळापर्यंत रिकामी करू नका, विशेषतः भाषणात. जुनी रिक्षाची: चौकशी करून घ्या. सोडियम: वाट बघूया. तांब्या: घरात असू द्या. शेवटच्या रकान्याला मथळा दिला 'खात्री'. लिथियमपुढे लिहिलं, कंपनीच्या कागदावर आहे. सोडियमपुढे, अजून माहीत नाही. शिशापुढे एकदा लिहून खोडलं. मग लिहिलं, पाणी घालणाऱ्याची खात्री.

आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं. त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं आणि माझा पेन माझ्या हातात परत दिला.

"बाकी बेस शे ताई. पन 'खात्री'ना म्होरे 'बाई' लिखाले इसरी गयी तू."